शिळं पाणी

माझं दुसरं लग्न झालं त्या दिवशी सासरच्या घरात माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य मासोळ्यांबद्दल होतं. विहारात वंदना झाली, पांढऱ्या साडीवर हार पडला, वीस-पंचवीस माणसं जेवली आणि दुपारी आम्ही पुसदच्या घरी पोचलो. मी दारात चपला काढत होते. नवऱ्यानं पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे बोट केलं आणि म्हणाला, "बाकी घर तुहं आहे. हे तेवढं सांभाळून. तिच्या हातच्या मासोळ्या आहेत."

ती म्हणजे त्याची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी कावीळ पोटात उतरली आणि गेली. तिचा फोटो भिंतीवर होताच, पण त्या घरात फोटोकडे कोणी फारसं पाहत नसे. सगळे टाकीकडे पाहत.

सगळे म्हणजे दोघं. नवरा आणि त्याची मुलगी. मुलीला दहावं संपून अकरावं लागलं होतं. दोन वेण्या, कोपरावर कायम एखादी खपली, आणि डोळे असे की समोरच्यानं आधी आपली चूक शोधावी. ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे अबोला नव्हता, भांडणही नव्हतं. ती बापामार्फत बोलायची. मी ताटात पोळी वाढत समोर उभी असायची आणि ती बापाला सांगायची, "पप्पा, त्याइले सांगा, डब्यात भेंडी नोको." बाप माझ्याकडे पाहायचा. मी मान हलवायची. निरोप पोचला.

मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा पहिला नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी ट्रॅक्टरखाली गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर आठ वर्षं मी बोरी अरबजवळच्या गावात भावाकडे राहिले. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नाही. पण आठ वर्षं दुसऱ्याच्या घरात आपण जागा कमी घेतो, आवाज कमी करतो, भाजी कमी वाढून घेतो, आणि असं करता करता आतलंही काहीतरी कमी होत जातं. अंगाखाली दबलेला हात असतो ना, आपलाच असून लाकडाचा वाटतो, तसं माझं झालं होतं. लोकांना वाटे, बाई फार शांत आहे. हे स्थळ जुळलं तेही मी शांत आहे म्हणूनच. निघताना वहिनी हसत म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा झालीस बाई, घर तयार, पोर तयार. मीही हसले. हसायला काही वाटावं लागत नाही.

नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. शेतातल्या जळालेल्या मोटारी येतात, तो तांब्याची तार गुंडाळतो, व्हार्निश लावतो, संध्याकाळी त्या वासासकट घरी येतो. माणूस सरळ. जेवला की टाकीसमोर स्टूल घेऊन बसायचा. घरात टीव्ही होता, पण तो बंदच. टाकीतला दिवा चालू. अर्धा तास, पाऊण तास तो मासोळ्या पाहायचा, आणि मग मुलीला म्हणायचा, "ते निळी तिची लाडकी होती, नाही?" मुलगी "हो" म्हणायची. मी भांडी घासायची.

मासोळ्या गप्पी होत्या. डास मारायला सरकारी माणसं टाक्यांत, डबक्यांत सोडतात त्याच जातीच्या, पण या दुकानातल्या, रंगीत शेपट्यांच्या. नर बोटाच्या पेराएवढे आणि नटवे. माद्या मोठ्या, फिकट, पोटाशी काळा डाग. मोठ्या मिळून चौदा होत्या. तळाशी खडी, एका बाजूला नाल्यातून आणून लावलेलं पाण्यातलं गवत इतकं दाट वाढलेलं की टाकीचा तिसरा हिस्सा हिरवाच दिसे.

लग्नाला दीड महिना झाला असेल. एका सकाळी मी पुढची खोली झाडत होते. टाकीत मला काहीतरी हललेलं दिसलं. वाकून पाहिलं तर पापणीच्या केसाएवढं काहीतरी, त्याला दोन डोळे. मग आणखी एक. मग बरेच. एक मादी मधोमध उभी होती आणि तिच्या पोटाखालून आणखी एक गुंडाळलेला ठिपका बाहेर पडला, खाली गेला, उलगडला आणि पोहू लागला. मी झाडू हातात घेऊन पाहत राहिले. ती मादी वळली, त्याच्याजवळ गेली आणि तिनं ते गिळलं.

मुलगी मागे दप्तर भरत होती. मी तिच्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. म्हटलं, "ते आपलंच पिल्लू खाऊन राह्यली."

तिनं वर न पाहता सांगितलं, "भुकी असली का खाते."

मग बाप आंघोळीला गेलेला, निरोप द्यायला कोणी नाही, म्हणून नाइलाजानं ती उठून आली. चिमूटभर खाणं तिनं टाकीच्या उघड्या बाजूला टाकलं. सगळ्या मोठ्या तिकडे धावल्या. पिल्लं गवताकडे सरकली आणि दिसेनाशी झाली. नऊ-दहा तरी असावीत. पुढच्या पाच मिनिटांत तिनं मला जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या दीड महिन्यात सांगितलं नव्हतं. मोठ्यांना आधी पोटभर घालायचं, म्हणजे त्या पिल्लांच्या मागे लागत नाहीत. पाणी ओढणाऱ्या फिल्टरच्या तोंडाला पायमोजाचा तुकडा बांधायचा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. गवत दाट ठेवायचं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग मलमलच्या कापडात बांधून गवताजवळ हलकेच दाबायचा, त्याचा धूर निघतो पाण्यात, तो पिल्लं खातात. आणि तीन-चार आठवडे वाट पाहायची. मोठ्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की सुटली.

मी विचारलं की वेगळ्या भांड्यात का नाही काढत. दुकानदार जाळीची पेटी विकतो, ती का नाही आणली.

"आईनं सांगतलतं, वेगळे काढाचे नाही," ती म्हणाली. "वेगळे वाढवले का भोळे राहतात. मंग मोठ्याइत सोडले का एका दिवसात खल्लास. इथंच राहाचं. लपता आलं पाहिजे."

हे मला पटलं. मला त्यातला अनुभव होता.

त्या दिवसापासून अंडं उकडायचं काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. सकाळी चहाच्या आधी अंडं ठेवायची, सोलायची, पिवळं वेगळं काढून वाटीत ठेवायची. पांढरं मुलगी खायची. ती कापड बांधायची, मी वाटी धरायची. बोलणं नसायचंच. ती पिल्लं मोजायची, तोंडातल्या तोंडात. एकदा अकरा झाली, दुसऱ्या दिवशी आठ. तिनं माझ्याकडे पाहून आठ बोटं दाखवली. संध्याकाळी पुन्हा सात. मला जाणवलं की दुपारी एकटी असताना मीही मोजत राहते. सात. सातच. हे काहीतरी वाटणं आहे की नुसती सवय, मला ठरवता येत नव्हतं. मी ठरवायच्या मागे लागले नाही.

आता माझी चूक.

आमच्या भागात उन्हाळ्यात नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. आला की अख्खी गल्ली जागी होते, मोटारी घुंघुं करतात, ड्रम, घागरी, बादल्या, तपेली सगळं भरून घ्यायचं. माझ्या माहेरी विहीर होती, आणि आईची एक शिस्त होती. सकाळी ताजं पाणी आलं की घरातलं शिळं पाणी काढायचं. भांडी राखेनं घासायची, उरलेलं झाडांना घालायचं. शिळं पाणी घरात ठेवणारी बाई आळशी, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला माहीत आहे हेही मी विसरले होते. हात आपोआप करत होते. भावाच्या घरीही तेच.

जिन्याखाली दोन निळ्या बादल्या होत्या, झाकणं अर्धी सरकवलेल्या. मासोळ्यांच्या पाण्याच्या, एवढं मला माहीत होतं. दर रविवारी मुलगी टाकीतलं थोडं पाणी काढायची आणि त्यातलं घालायची. त्या मी कधी उघडल्या नव्हत्या. त्या शुक्रवारी नळ आला तेव्हा घरात मी एकटीच. सगळं भरून झालं, नळ अजून चालू. मी झाकण उघडून पाहिलं. पाणी जुनं, बुडाला हिरवट बुळबुळीत थर. मला वाटलं, पोर बिचारी लहान आहे, तिच्यानं घासणं होत नाही. मी दोन्ही बादल्या कढीपत्त्याच्या झाडाला ओतल्या, राखेनं लख्ख घासल्या, ताज्या पाण्यानं भरल्या आणि झाकण लावून होत्या तिथं ठेवल्या.

हे मी कोणी न सांगता केलं होतं. लग्नानंतर त्या पोरीसाठी कोणी न सांगता केलेलं ते पहिलं काम. करताना मी गुणगुणत होते, हे मला नंतर आठवलं आणि अजून आठवतं.

शनिवारी मुलीनं गवत विरळ केलं. जास्तीचं उपटून, टाकीतल्याच पाण्यासकट घमेल्यात घालून अंगणात जिन्याच्या सावलीत ठेवलं, टाकून द्यायला. ते तसंच राहिलं. रविवारी सकाळी नवरा महागावला गेला. कोणाची बोअरची मोटार बसली होती, ती काढून आणायची होती. मुलीनं टाकीतलं निम्मं पाणी काढलं, उन्हाळ्यात ती जरा जास्तच काढायची, आणि दोन्ही बादल्या मग्यानं हळूहळू ओतल्या. मी आत पीठ मळत होते.

अर्ध्या तासानं तिनं हाक मारली. हाक म्हणजे नाव नाही, नातं नाही, नुसतं "इकडं या". मी हात तसेच घेऊन गेले. सगळ्या मासोळ्या वर आल्या होत्या. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होत्या. निळा नर, तो लाडका, आडवा होऊन गोल फिरत होता. मुलीनं हवेचा पंप वाढवला, बटण पुन्हा पुन्हा दाबलं. काही होत नव्हतं. एकेक करून त्या खाली जाऊ लागल्या. पिल्लं तर कधी गेली तेही दिसलं नाही, गवताच्या काड्यांना चिकटून राहिली.

मी जिन्याखाली गेले. बादलीच्या बुडाशी दोन बोटं पाणी होतं. नाक लावलं. ब्लिचिंग. भावाच्या गावात विहिरीत पावडर टाकली की दोन दिवस बेडकं उलटी तरंगायची, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दोन-चार दिवस उघड्यावर राहिलं की पाण्यातली पावडर उडते, म्हणून पोर पाणी शिळं करून ठेवत होती. मला सगळं माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं, एवढंच.

आणि मग मी काय केलं तर ते दोन बोटं पाणी मोरीत ओतून टाकलं. बादली पालथी घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मागे वळून पाहिलं कोणी आहे का.

दुपारपर्यंत तेरा गेल्या. एक मादी उरली, जुनी, पाठीत पोक आलेली. ती कशी उरली कोण जाणे. मुलीनं मेलेल्या सगळ्या चहाच्या गाळणीनं काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या. रडली नाही. कढीपत्त्याखाली खड्डा मीच केला. परत घरात आलो, मी भिंतीला टेकून बसले, आणि ती आली, माझ्या बाजूला बसली, आणि तिनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मग रडली.

"माह्या हातानं मेल्या," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सांगायचं ते तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही असेल. पण डोकं जड होतं, गरम होतं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. सुख वाटलं. लाज वाटावी असं सुख, पण खोटं कशाला बोलू, सुखच. तेरा मासोळ्या मेल्या होत्या, पोर स्वतःला मारेकरी समजत होती, आणि मी मनात म्हणत होते, उठू नको. सांगितलं तर उठेल. म्हणून मी काही बोलले नाही.

नवरा अंधार पडल्यावर आला. टाकीसमोर उभा राहिला. मुलगी जिन्याखालून बाहेर आली, हात पुसत, आणि त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "पप्पा, माह्याकडून झालं. पाणी चुकलं." तो "जाऊ दे" म्हणाला आणि न जेवता गच्चीवर गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणणं सोपं आहे. चिकटली नव्हती. मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या मुठीत तेवढं एकच होतं.

पुढचे दिवस घर बाहेरून चांगलं चाललं. मुलगी माझ्याशी सरळ बोलू लागली. सोमवारी शाळेला जाताना माझ्यापुढे पाठ करून बसली, वेण्या घालून द्या म्हणाली. मी घातल्या. भांग दोनदा वाकडा गेला. जे मला हवं होतं, हवं आहे हे माहीतही नव्हतं, ते समोर येऊन बसलं होतं, आणि माझी बोटं थंड. सुख एका दुपारचंच होतं. नंतर पुन्हा ते लाकूडपण आलं, पण आता त्याच्या आत एक काटा होता, आणि तो मात्र टोचत होता. नवरा जेवून स्टुलावर बसायचा. टाकीत ती एक पोक आलेली मादी इकडून तिकडे जायची. तो मुलीला काही विचारायचा नाही. पोरीला बापानं काही विचारू नये, याचं कारण मी होते.

सकाळी अंडं उकडायला मी उठायची आणि आठवायचं की आता खाणारं कोणी नाही.

गुरुवारी मी घमेलं रिकामं करायला घेतलं. त्यात डास होतील म्हणून. गवत मुठीत धरून उचललं आणि पाण्यात काहीतरी सरकलं. गवत हळूच परत सोडलं. वाकून बसले. एक. दोन. बऱ्याच वेळानं तिसरं. पाच मिळाली शेवटी. शनिवारी गवताबरोबर उपटून आलेली, मेलेल्यांत धरलेली. घमेल्यात आपोआप झालेले डासांचे बारीक किडे खाऊन चांगली गुबगुबीत झाली होती. एकाच्या शेपटीला निळसर झाक आली होती.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिथंच बसलेली होते. तिला दाखवलं. ती गुडघ्यावर बसली, गाल घमेल्याला लावला, मोजली, पुन्हा मोजली. पाच बोटं मला दाखवली. हसली नाही, पण तिचं तोंड उघडंच राहिलं.

मग ती उठली, आत जाऊन टाकी पाहून आली. पाणी उन्हानं चार बोटं खाली गेलं होतं, रविवारनंतर नवीन कोणी घातलंच नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "टाकीत भर घालावं लागते. पाणी कोणतं घालू?"

आदल्या दिवशी नळ येऊन गेला होता. जिन्याखाली दोन बादल्या भरलेल्या होत्या, त्या तिनंच भरल्या होत्या. सगळं तिला माहीत होतं. मग ती मला का विचारत होती ते मला कळलं नाही. पण तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"आज नको," मी म्हटलं. "ते कालचं आहे. शिळं होऊ दे." आणि मग बाकीचंही बाहेर पडलं. मी बादल्या ओतल्या, मी घासल्या, मी ताजं भरलं. तुझ्या हातानं नाही मेल्या, माझ्या हातानं मेल्या. वास आला तेव्हाच कळलं होतं. उरलेलं पाणी मी लपवून ओतलं. हे सगळं मी घमेल्याकडे पाहून सांगितलं. तिच्याकडे पाहून सांगायचं धैर्य नव्हतं. संध्याकाळी तुझ्या पप्पालाही सांगते, म्हटलं.

मी वाट पाहिली. ती उठून जाईल, बापामार्फत बोलणं पुन्हा सुरू होईल, त्याची मी तयारी केली. तसं जगणं मला येत होतं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"रविवारीच. पप्पा याच्या आधी मी बाल्टी पाह्याले गेलती. बुडाचं हिरवं गेलतं. मी कधी घासतच नाही ते."

म्हणजे बापासमोर "माह्याकडून झालं" म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं. हात पुसत ती जिन्याखालूनच आली होती. मी दारात उभी होते, माझ्याकडे तिनं एकदा पाहिलंही असेल. मी विचारलं, मग माझं नाव काहून नाही सांगितलं.

तिनं घमेल्यात बोट बुडवलं. पिल्लं पांगली, मग परत आली.

"आईनंबी असंच केलतं एकदा," ती म्हणाली. "मी तिसरीत होती. नवं पाणी टाकलं, सगळ्या मेल्या. मंग आम्ही दोघी जाऊन दुकानातून तशाच घेऊन आलो. आई म्हणे, पप्पाले नोको सांगजो, त्याइले वाईट वाटते." बोट बाहेर काढून म्हणाली, "पप्पाले शेपट्या कुठं ओळखू येतात."

दीड-दोन वर्षं तो माणूस रोज स्टुलावर बसून ज्या मासोळ्यांत बायकोचा हात शोधत होता, त्या तिच्या पहिल्या मासोळ्या नव्हत्याच. आणि हे माहीत असलेली एकच व्यक्ती त्याच्या शेजारी बसून रोज "हो" म्हणत होती. अकरा वर्षांची. आईबरोबरचं तेवढं एक गुपित तिच्याकडे उरलं होतं, आणि ते तिनं आत्ता माझ्यासमोर घमेल्यावर उघडून ठेवलं होतं.

"तुम्हीबी नोको सांगजा," ती म्हणाली.

मला रडायला येईल असं वाटलं. आलं नाही. डोळे कोरडेच राहिले. तिनं हात दिला, तो धरून मी उठले.

पाणी शिळं व्हायला आम्ही तीन दिवस दिले. झाकणं अर्धी उघडी ठेवली. मी जाता येता नाक लावून पाहायची, ती माझ्यावर हसायची. रविवारी सकाळी पाणी घातलं, घमेल्यातलं गवत परत लावलं. पिल्लं सोडायची वेळ आली तेव्हा मी टाकीत पाहिलं. ती पोक आलेली मादी काचेला तोंड लावून उभी होती. आठवडाभर एकटी, भुकेची की कशाची, सांगता येत नाही. मी म्हटलं, तिला वाटीत काढू का, ही अजून तिच्या तोंडात मावतात.

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "तिले आधी पोटभर घाला."

मी घातलं. जरा जास्तच घातलं. ती खात राहिली, आणि मागच्या बाजूनं मुलीनं पाचही पिल्लं मग्यातून गवतात सोडली.

त्याला आता महिना झाला. चार उरली आहेत. एक गेलं, कुठं गेलं ते आम्ही दोघी जाणतो, मादीला बोल लावला नाही. चार आता तिच्या तोंडात मावत नाहीत. निळ्या शेपटीचं पिल्लू नर आहे, हे स्पष्ट झालं आहे.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. सांगते म्हटलं होतं, पण आता ते माझं एकटीचं राहिलं नव्हतं. परवा तो जेवून स्टुलावर बसला. पहिल्यांदाच पुढे झुकून पाहिलं त्यानं, कितीतरी दिवसांनी. निळा गवतातून बाहेर आला, पुन्हा आत गेला. "पाह्य," तो मला म्हणाला, मुलीला नाही, मला. "तिच्याच मासोळीचं आहे हे. तेच शेपटी. मी ओळखतो ना."

मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिनं पान उलटलं नाही. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"हो," मी म्हटलं, "तिचंच."